तिसरं ग्रीन आणि पार्बताबाईचा संशय

मी दातांची डॉक्टर. माणसं खोटं बोलतात हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. "रोज दोन वेळा ब्रश करतो, मॅडम," असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या तोंडात आरसा घातला की त्याचे दात वेगळीच साक्ष देतात. आजवर माझ्याशी खरं बोलणारा एकच पेशंट भेटला, आणि त्याच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता.

अशी मी, पण पार्बताबाईपुढे अगदीच भोळी. पार्बताबाई बोट बुडवून पाहिल्याशिवाय दूध घेत नाही. रोज ज्या ऑटोने येते त्याच ऑटोवाल्याला रोज रस्ता सांगते. दाढ दुखत होती म्हणून मी गोळ्या दिल्या, तर तिने त्या आधी हुंगल्या आणि मग एक गोळी मलाच खायला सांगितली. फोनमधली बाई 'आपण ज्यांना फोन करत आहात ते व्यस्त आहेत' म्हणाली की ही फोनकडे रोखून पाहते. "हिले कसं मालूम? ही काय त्याच्या घरी बसली हाये?"

ही बाई आमच्या गोल्फच्या मैदानाची राखण करते. मैदानाची म्हणजे खरं तर एका ग्रीनची.

अमरावती मागे टाकून चांदूर बाजारच्या रस्त्याला लागलं की संत्र्याच्या दोन बगिच्यांच्या मधे आमचं मैदान आहे. काही डॉक्टर, काही इंजिनियर आणि दोनचार व्यापारी यांनी हौसेने काढलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना अजून वाटतं की ही गुरं चारायची जागा आहे आणि आम्ही काठ्या घेऊन हरवलेलं वासरू शोधतोय. मैदानात नऊ भोकं. भोकाच्या भोवतीचा जो गुळगुळीत तुकडा, जिथे चेंडू हलकेच लोटत आत टाकायचा, त्याला म्हणायचं ग्रीन. मोठ्या शहरांत तिथे बारीक कापलेलं गवत असतं. आमच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून आठ ठिकाणी तेल शिंपडून दाबलेली वाळू आहे आणि फक्त तिसऱ्या भोकापाशी खरं गवत. ते गवत लावलं पार्बताबाईने, उन्हाळ्यात जगवलं पार्बताबाईने, आणि त्यावर पाय ठेवणारा प्रत्येक जण ते मारायलाच आला आहे असं मानते तीही पार्बताबाईच.

याला कारण आहे. तिचं माहेर चांदूर बाजारकडचं, माळ्याचं घर. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, भेंडी. बाजाराच्या दिवशी ती लहानपणापासून आईशेजारी भाजी घेऊन बसायची. भेंडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं? शेंडा मोडून पाहतं. कट्कन मोडला तर भेंडी कोवळी. पण मोडून पाहिलेली भेंडी ते घेत नाही, तिथेच टाकतं आणि दुसरी उचलतं. बाजार उठताना हिच्या आईपुढे शेंडे मोडलेल्या भेंड्यांचा ढीग उरायचा. "चांगल्या घरचे लोकं," पार्बताबाई सांगते, "घरी जाऊन देवाची पूजा करत असतीन. पन भेंडी मोडाची अन् चालाले लागाचं." माणूस जोखायचं तिचं माप तेव्हापासून हेच आहे, मोडणारा की न मोडणारा.

गोल्फवाले तिच्या मते सगळे मोडणारे. आणि ती अगदीच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. या खेळाचे रिवाज फार सभ्य आहेत. वाळूच्या खड्ड्यात चेंडू गेला तर बाहेर येताना आपली पावलं दाताळ्याने मिटवायची. काठीच्या फटक्याने गवताचा तुकडा उडाला तर तो आणून परत जागेवर ठेवायचा आणि पायाने दाबायचा. दुसरा मारत असताना तोंड बंद ठेवायचं. आणि उंचावरून चेंडू पडून ग्रीनच्या मऊ जमिनीत लिंबाएवढा खळगा पडला, तर तो ज्याचा त्याने बुजवायचा. हे सगळं आमच्या बोर्डवर लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय, कारण सेक्रेटरीचं काम दुसरं कुणी घेईना. पण पालथ्या घड्यावर पाणी. लोक बोर्डशेजारी उभे राहून चहा पितात आणि खळगे तसेच सोडून पुढे जातात.

पार्बताबाईने यावर आपली तोड काढली. कुणी हातच लावायचा नाही. ती पंपाच्या खोलीपाशी बसून पाहत असे. खेळणारे पुढे सरकले की येऊन गुडघे टेकायची, कमरेचा दोन दातांचा छोटा काटा काढायची आणि खळगे बुजवून परत जागेवर. एकदा मी कर्तव्यबुद्धीने वाकले तर तिथून ओरडली, "ओ डॉक्टरीणबाई, तुमी दात पाडा. गवताले हात नका लावू!" चारचौघांत माझा असा उद्धार झाल्यावर बाकीच्यांना तर निमित्तच मिळालं. कुणी वाकेना.

एका माणसाला मात्र तिच्या संशयातून सूट होती. खुशालराव. अकोटकडचे कास्तकार, सारा जन्म काळ्या मातीत कपाशी पिकवण्यात गेला. शेत धाकट्याच्या हाती देऊन ते थोरल्याकडे अमरावतीला आले, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मुलाने चालण्यासाठी म्हणून गोल्फचं मेंबर करून टाकलं. पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि कॅनव्हासचे बूट. चेंडू हवेत उडवणं त्यांना कधी जमलंच नाही. ते तो सरपटत नेतात, त्यामुळे त्यांचा खळगाही पडत नाही. पण वागणं पाहावं तर त्यांचं. मागून घाईचे खेळाडू आले की बाजूला होऊन म्हणतात, "या बाप्पा, पुढं व्हा, मले काही गाडी पकडाची नाई." वाळूत उतरले तर आपली पावलं मिटवतातच, आधी जो कुणी घाण करून गेला असेल त्याचीही मिटवून येतात.

"काकाजी मोडनारे नाईत," पार्बताबाई म्हणायची. तिच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही. ग्रीन नवीन लावलं त्या पहिल्या वर्षी दोघं कडेला बसून मातीच्या गोष्टी करत बसायची. आम्ही शहरी माणसं चेंडू शोधत फिरायचो आणि त्यांना आमची गंमत वाटायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, पोळा होऊन गणपती बसायच्या सुमारास, तिसऱ्या ग्रीनवर पिवळे चट्टे दिसू लागले. आधी टिकलीएवढे, मग पेढ्याएवढे. त्या जागचं गवत चिमटीत धरून ओढलं की मूळच नसल्यासारखं अलगद हातात यायचं.

पार्बताबाईने पहिला संशय डुकरांवर घेतला. मग खतवाल्यावर, त्याने खतात काहीतरी कालवलं म्हणून. मग शेजारच्या संत्रेवाल्यावर, त्याच्या फवारणीचा वारा इकडे येतो म्हणून. शेवटी एके दिवशी ती चट्ट्यापाशी बराच वेळ बसून राहिली आणि उठली ती निकाल घेऊनच. "हे मानसाचं काम हाये. मी येन्याच्या आंधी सकाळी कोनीतरी येते अन् कोरून जाते. माती पाहा, वर आलेली हाये."

झालं. त्या दिवसापासून मैदानाची पोलीस चौकी झाली. ती प्रत्येकाच्या बुटांच्या तळव्याकडे पाहायची. कुणी खिशात हात घातला की हिची मान लांब व्हायची. मेंबर तिच्यावर चिडले, मग एकमेकांकडेही तिरक्या नजरेने पाहू लागले. अमका हरला होता त्या दिवशी, त्यानेच राग काढला असेल. तमक्याला मुळात गवत नकोच होतं, पाणी फार लागतं म्हणून मिटिंगमध्ये कोण ओरडत होतं? संशयाचं भूत एकदा मैदानात शिरलं की त्याला मेंबरशिप लागत नाही.

आमचे अध्यक्ष गोवर्धनजी, निवृत्त इंजिनियर, यांनी तर वेगळंच बोट दाखवलं. "कुंपणच शेत खात असेल तर? खत जास्त पडलं असेल बाईच्या हातून. आणि आता चोर-चोर ओरडून झाकून राहिली असेल." हे ऐकून मला राग आला. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर पटलंही. कारण जो रुग्ण दाढ किडल्याचा दोष पाण्याला, हवेला आणि सासूला देतो, त्याच्याच खिशात चॉकलेट सापडतं हे मी रोज पाहते.

दिवाळीनंतर नागपूरचे खेळाडू आमच्याकडे सामन्याला येणार होते. पिवळ्या ठिपक्यांचं ग्रीन त्यांना दाखवायचं कसं? कमिटीने ठरवलं की दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मिटिंग घ्यायची. तोवर कारण कळलं नाही तर तिसरं ग्रीन उखडून तिथेही वाळू टाकायची आणि सगळी देखभाल बाहेरच्या एजन्सीला द्यायची. एजन्सी आपली माणसं आणणार. म्हणजे पार्बताबाईला घरी बसवायचं, फक्त तसं कुणी म्हणालं नाही.

ही बातमी द्यायचं काम अर्थात सेक्रेटरीवर आलं. तिने सगळं ऐकून घेतलं. नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

"वाळू?" ती म्हणाली. "जित्या गवतावर वाळू टाकतीन?"

मी मान हलवली. ती पदराने काट्याचे दात पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर तिने जे केलं त्याने तिची उरलीसुरली बाजूही पडली. पियुष नावाचा एक तरुण मेंबर आहे, टाइल्सच्या दुकानवाल्यांचा मुलगा. चेंडू उंच मारतो, छान मारतो, पण खिशातल्या स्पीकरवर गाणी लावून खेळतो आणि वाळूतली पावलं मिटवणं त्याला माहीतच नाही. आठवड्याभरावर मिटिंग असताना पार्बताबाईने त्याला आमच्या चहापाण्याच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर अडवलं.

"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ अन् तळवा दाखव. तूच येतो सकाळी. तुह्या बापानं पैसे भरले म्हून गवत तुह्यं झालं काय?"

पियुष आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने खरंच बूट काढून तिच्यासमोर ठेवले. "पाहा मावशी. आणि पुरावा काय तेही सांगा."

पुरावा नव्हता. गोवर्धनजींनी माफी मागायला सांगितली. "मंग पाहू," एवढं बोलून ती पंपाकडे निघून गेली. त्या संध्याकाळी मला चार जणांचे फोन आले, एजन्सीचं लवकर उरका म्हणून. तिच्या बाजूने फोन आला तो फक्त खुशालरावांचा. "बाई फटकळ हाये, पन तिच्यावानी जीव कोन लावते गवताले? मी बोलतो मिटिंगमधी."

मिटिंगच्या आदल्या दिवसासाठी तिचा निरोप आला. "दिवस निघाच्या वक्ती या डॉक्टरीणबाई. मी एकटीनं चोर पायला तं माह्यावर कोन भरोसा ठेवन?" जिने जन्मभर कुणावर विश्वास टाकला नाही, तिला आपल्यावरही कुणी टाकणार नाही हे पक्कं ठाऊक होतं.

फटफटायला लागलं होतं. आम्ही दोघी पंपाच्या खोलीआड बसलो. गवतावर दव, मानेवर डास. मी एक डास मारला तर तिने डोळे वटारले. "तुमी कोनाले सांगतलं तं नाई ना?" मी नाही म्हटलं. तिला ते पटल्याचं दिसलं नाही.

थोड्या वेळाने फाटकाकडून एक माणूस येताना दिसला. तिने माझा दंड दाबला. माणूस जवळ आला तशी टोपी दिसली, पांढरा सदरा दिसला.

"अरे देवा, काकाजी," ती वैतागून कुजबुजली. "फिराले आले. आता हे इथं घुटमळले तं चोर येईन कसा? काढा बाप्पा पाय लवकर."

खुशालरावांनी पाय काढला नाही. ते ग्रीनच्या कडेला थांबले. कॅनव्हासचे बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले. अनवाणी पायांनी गवतावर आले, वाकून गवताला हात लावला आणि कपाळाला नेला. मग खिशातून दोन दातांचा काटा काढून खाली बसले. काल संध्याकाळी पार्बताबाई घरी गेल्यावर पडलेले दोनचार खळगे राहिले होते. पहिल्याच्या पोटात त्यांनी काटा खोल घातला, तरफेसारखा दाबला आणि माती खालून वर उचलली. मुळं तुटल्याचा बारीक आवाज आमच्यापर्यंत आला. उचललेली माती त्यांनी बोटांनी भुसभुशीत केली, मायेने थोपटली आणि गुडघ्यांवर सरकत पुढच्या खळग्याकडे गेले.

मी हाक मारायला तोंड उघडलं. पार्बताबाईने माझं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली आणि एकटीच पुढे गेली. मी दोन पावलं मागे राहिले.

खुशालराव दचकले, मग लाजले. चोरून चांगलं काम करताना पकडलेला माणूस लाजेल तसे.

"आली काय वं पार्बते? आज लवकर?"

"काय करून राहिले काकाजी?"

"काही नाई वं. तुह्ये गुडघे दुखतात, रोज पायतो मी. उठताना हात टेका लागते तुले. म्हटलं, सकाळी येऊन दोनचार आपनच बुजवाव, तेवढाच तुले आराम. तू तं कोनाले हात लावू देत नाई, म्हून चोरून येतो." ते हसले. "पन रीत तुहीच हाये बरं. पयल्या साली तूच शिकवलं होतं ना? सांभाराच्या वाफ्यावानी खालून उचलाचं, माती मोकळी कराची, मुळाले हवा लागली पायजे."

पार्बताबाईची नजर त्यांच्या हातातल्या काट्यावर गेली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

खुशालराव म्हणत होते ते खरं होतं. पहिल्या वर्षी ती तसंच करायची. भाजीच्या वाफ्यात माती मोकळी केली की रोप तरारतं, हे ती आईच्या हाताखाली शिकली होती आणि खुशालरावांनी कपाशीत तेच जन्मभर केलेलं. पुढे, हे तिनेच मला नंतर सांगितलं, नागपूरहून एक जाणकार आला आणि त्याने तिला एकटीला दाखवलं की ग्रीनवर हे चालत नाही. काटा खळग्याच्या कडेला खुपसायचा, बाहेरची माती आत लोटायची आणि वरून दाबायचं. उचलायचं कधीच नाही, उचललं की मूळ तुटतं. सारखं कापून बुटकं ठेवलेल्या गवताला तेवढंही सोसत नाही. पार्बताबाईने त्याच दिवशी आपली रीत बदलली आणि कुणालाच सांगितलं नाही. ज्यांना हात लावू द्यायचा नाही त्यांना रीत सांगायची कशाला?

"बूट घाला काकाजी," ती शेवटी म्हणाली. "दव हाये. पाय गारठतीन."

ते बूट घालून, माझ्याकडे पाहून ओशाळं हसून, फेरी मारायला निघून गेले. आपण काय केलंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. ती तिथेच बसली आणि उचललेली माती दोन्ही तळव्यांनी दाबत राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिच्याकडे पाहून मी ते गिळलं.

"उद्या नाव विचारतील," मी म्हटलं.

"मालूम हाये."

"काकाजींचं नाव सांगितलं तर ग्रीनही राहतं आणि तुम्हीही राहता."

तिने मान वर करून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी भेंडीचा शेंडाच मोडला होता. "काकाजीले काही सांगाचं नाई," ती म्हणाली. "तुमी पन नाई."

रविवारी शेडमध्ये कधी नव्हे ते सगळे आले होते. तमाशा कुणाला नको असतो? खुशालराव पुढच्या खुर्चीत, सदऱ्याला इस्त्री करून, तिच्या बाजूने बोलायला आलेले. पियुष मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून.

गोवर्धनजींनी घसा साफ केला. "बोला बाई. इतके दिवस म्हणताय माणसाचं काम आहे. नाव सांगा."

पियुष खांबापासून सरळ झाला.

"माह्यं," पार्बताबाई म्हणाली.

शेडमध्ये चुळबुळ झाली. गोवर्धनजींना क्षणभर आपलं खरं झाल्याचा आनंद लपवता आला नाही. "म्हणजे खत?"

"खत नाई साहेब. खळगा बुजवाची रीत. खालून उचललं का मूळ तुटते अन् गवत मरते. मले आंधी हे मालूम नव्हतं, मी चुकीचंच करत होती, चुकीचंच शिकवत होती. मंग मले खरी रीत समजली, पन मी ते आपल्याजवळच ठेवली. मले वाटे, या लोकाईले सांगून काय फायदा, सारे मोडनारे." ती थांबली. "म्हून गवत मेलं. दुसऱ्या कोनाचं नाव नाई."

मी कान देऊन ऐकत होते. खोटं ऐकायची मला सवय आहे. यात एकही शब्द खोटा नव्हता.

पण माझी नजर खुशालरावांवर गेली. ते आपल्या हातांकडे पाहत होते. एकदा तळवे, एकदा पालथे. मग खुर्चीचा आधार घेत ते उभे राहिले.

"बाई अर्धंच सांगून राहिली," ते म्हणाले. "हात माहे होते. रोज सकाळी येऊन मी उचलत होतो. मले वाटे, मी चांगलं करून राहिलो." त्यांनी तळवे पुढे केले. "सारा जनम मातीत गेला अध्यक्षसाहेब, अन् हातभर गवत नाई जगवता आलं."

"बसा काकाजी!" पार्बताबाई ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "शिकवलं कोनं तुमाले? मंग? बसा!"

खुशालराव बसले. शेवटी मागून पियुष म्हणाला, "आणि मला बूट काढायला लावले."

पार्बताबाई त्याच्याकडे वळली. "तुह्यावर खोटा आळ घेतला बाबू. माफ कर." मग नाक पुसत म्हणाली, "पन वाळूतले पाय तुह्येच असतात. थे मी वापस घेत नाई."

लोक हसले. पियुषही हसला, नाइलाजाने. "बरं, माझेच असतात. पण मावशी, खळगा कसा बुजवायचा हे आम्हाला कोण सांगणार होतं? बोर्डवर 'बुजवा' लिहिलंय. कसा ते कुठे लिहिलंय?"

बोर्ड माझा. मी छताकडे पाहिलं.

गोवर्धनजींनी चष्मा काढून पुसला. माणूस हेकट आहे, पण वाईट नाही. "एजन्सीला मी नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "ग्रीन राहील, तुम्हीही राहाल. पण एक अट. यापुढे ज्याचा खळगा त्याने बुजवायचा. तुम्ही सगळ्यांना शिकवायचं, आणि मग त्यांना करू द्यायचं."

'करू द्यायचं' ऐकून पार्बताबाईचा चेहरा असा झाला, जणू यापेक्षा एजन्सीच परवडली असती.

आम्ही सगळे वरातीसारखे तिसऱ्या ग्रीनवर गेलो. तिने बसून दाखवलं. कडेला काटा, माती आत, चारही बाजूंनी, मग दाब. पियुषने करून पाहिलं. "हळू! ते टाइल नाई बसवाची!" मी केलं. "डॉक्टरीणबाई, उपटाची सवय सोडा!" गोवर्धनजींनी केलं, तेव्हा ती इतकी जवळ वाकली की दोघांची डोकी आपटली. प्रत्येकाच्या हातावर तिची नजर घारीसारखी होती आणि एकाचंही काम तिच्या मनास आल्याचं मला दिसलं नाही.

खुशालराव ग्रीनवर आले नव्हते. ते कडेच्या बाहेर, पायात बूट घालून, परक्यासारखे उभे होते. तिने ते पाहिलं. काटा घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"घ्या काकाजी."

"नको माय. मले माह्या हाताचा भरोसा नाई राहिला."

तिने त्यांचा हात ओढून काटा त्यात ठेवला. "थ्या तिथं एक खळगा हाये. बुजवा."

खुशालरावांनी काट्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरं. पन तू पाह्य मंग जवळून. चुकलं तं लगेच सांग."

"मी नाई पायत," पार्बताबाई म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

खुशालराव गुडघ्यांवर बसले. पियुषची सावली त्यांच्या हातांवर पडत होती, तो न सांगता बाजूला सरकला. पहिल्यांदा काटा लावला आणि परत काढला. मग कडेला लावला आणि माती हळूच आत लोटली, एकीकडून, मग दुसरीकडून. पार्बताबाईची मान ताठ झाली होती, पदराचं टोक तिने मुठीत घट्ट आवळलं होतं. न पाहण्याचं एवढं कष्टाचं काम तिने जन्मात केलं नसेल.

"झालं वं," खुशालराव म्हणाले.

मी वाकून पाहिलं. थोडं वाकडं होतं, पण बरोबर होतं. तिला सांगणार होते, पण तिने माझ्याकडेही पाहिलं नाही.

"झालं ना? मंग उठा, हात धुवाले चाला," ती म्हणाली, आणि खळग्याकडे एकदाही न बघता पंपाकडे चालू लागली.